वाफ ओसरायच्या आत: घरच्या घरी मोदकांची २० सेकंदांची जाहिरात

मोदकपात्राचं झाकण उचललं की दाट वाफेचा पहिला लोट दहा-एक सेकंदांत ओसरतो. मग मोदकांवरून निघणारी बारीक वाफ फार तर मिनिटभर दिसते. कळ्यांवरची ओली चकाकी चार-पाच मिनिटांत जाते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पारी वरून सुकून टोकाशी बारीक चिरा दिसायला लागतात. घरी मोदकांची जाहिरात शूट करायची म्हणजे या वेळापत्रकाशी जुळवून घ्यायचं. कॅमेरा कुठला, लाइट कुठले, हे प्रश्न त्यानंतरचे.

हे मला पहिल्याच शूटला कळलं. माझी मावशी गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. तिच्यासाठी छोटी जाहिरात करायची होती. तिने झाकण उचललं आणि माझ्या फोनवर 'स्टोरेज भरलं आहे' अशी सूचना आली. जुने व्हिडिओ काढून टाकून मी परत उभा राहिलो तोवर समोर होते ते निवलेले, कोरडे मोदक. पहाटेपासून तिने उकड मळली होती. ती एक शब्द बोलली नाही, उठून पुन्हा नारळ खोवायला बसली. तेव्हापासून मी आखणी उलट्या टोकाकडून करतो. पदार्थाचा सगळ्यात कमी टिकणारा क्षण आधी शोधायचा आणि बाकीचा दिवस त्याच्यामागे लावायचा.

असा क्षण प्रत्येक पदार्थाला असतो. पुरणपोळीला तो तव्यावर टम्म फुगण्याचा, थालिपिठाला लोण्याचा गोळा कडेने वितळू लागण्याचा, मिसळीला तर्री ओतल्यावर शेव मऊ पडायच्या आधीचा. खाली उदाहरण मोदकाचं आहे. तुमचा पदार्थ वेगळा असेल तर मिनिटं बदला, रीत तीच राहील.

आधी कागदावर

वीस सेकंदांत सात शॉट बसतात, आठवा कोंबू नये. मावशीसाठी आम्ही दुसऱ्यांदा केलेली यादी अशी होती:

१. झाकण उचलतं, वाफ येते – ३ सेकंद
२. नारळ खोवला जातो – २ सेकंद
३. कढईत गूळ वितळून सारण चकाकतं – २ सेकंद
४. बोटं पारीला कळ्या पाडतात – ४ सेकंद
५. नैवेद्याचं ताट – २ सेकंद
६. मोदक फुटतो, वर तुपाची धार – ४ सेकंद
७. भरलेला डबा, नाव आणि नंबर – ३ सेकंद

पहिला शॉट वाफेचा, कारण फोनवर अंगठा चालवणारा माणूस पहिल्या दोन सेकंदांत थांबला नाही तर पुढचं काही बघत नाही. पाचवा आणि सहावा मात्र याच क्रमाने हवेत. आधी फुटलेला मोदक दाखवून मग नैवेद्याचं ताट दाखवलंत तर आपल्याकडच्या बघणाऱ्याला ते खटकतं, काय खटकलं हे त्याला सांगता आलं नाही तरी. ताटात मोदक पाच, अकरा किंवा एकवीस ठेवा आणि शेजारी दूर्वांची जुडी. तुळस ठेवलीत तर गणपतीला तुळस कशी, असं कुणी ना कुणी विचारणारच. वाढणारा हात उजवा असू द्या. यासाठी सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. बऱ्याच फोनमध्ये तो चित्र उलटं करून ठेवतो आणि उजवा हात डावा दिसतो.

वर बोलायचे शब्द याच कागदावर लिहा. सावकाश मराठी बोललं तर वीस सेकंदांत चाळीस-पंचेचाळीस शब्द बसतात. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. माझ्या मते तीस शब्दांवर थांबावं, म्हणजे नारळ खोवल्याचा आवाजही ऐकू येतो.

यादी झाली की प्रत्येक शॉटपुढे तो पदार्थ किती वेळ टिकतो ते लिहा. डबा दिवसभर टिकतो. खोवलेला चव तासाभराने कोरडा दिसतो. सारण निवलं की चकाकी जाते, पण कढई पुन्हा गॅसवर ठेवून दुधाचा हबका मारला की परत येते. उकड ओल्या फडक्याखाली बरीच टिकते, उघडी राहिली तर पाच मिनिटांत सुकते आणि कळ्या पाडताना फाटते. वाफ आणि तूप सगळ्यात कमी टिकतात. शूटिंगचा क्रम याच रकान्यावरून लावायचा, जाहिरातीतल्या क्रमावरून नाही.

दिवस आणि खिडकी

गणपतीच्या ऑर्डरी चतुर्थीच्या बऱ्याच आधी भरतात, म्हणून शूट श्रावणात करावं लागतं. म्हणजे ऐन पावसाळ्यात. लोकांना हे गैरसोयीचं वाटतं, मला सोयीचं वाटतं. ढगाळ आकाश म्हणजे भला मोठा मऊ दिवा असतो, सावल्यांच्या कडा तीव्र होत नाहीत. हवेत दमटपणा असल्यामुळे वाफही उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ डोळ्यांना दिसते. अडचण एकच: ढग सरकले की उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. म्हणून एक शॉट सलग संपवा, अर्धा आत्ता आणि अर्धा जेवणानंतर असं करू नका.

शूटच्या दोन दिवस आधी घरातल्या प्रत्येक खिडकीशी सकाळी आठला, अकराला आणि दुपारी तीनला एक पांढरी वाटी ठेवून फोटो काढा. त्या बारा-पंधरा फोटोंवरून जागा आपोआप ठरते. पूर्वेच्या खिडकीत सकाळी थेट ऊन येतं, पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतर. उत्तरेची खिडकी बहुतेक वर्षभर एकसारखा उजेड देते, मात्र मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्याकडे भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो हे ध्यानात ठेवा. थेट ऊन आलंच तर खिडकीला जुनं पांढरं धोतर किंवा पंचा लावा. गॅसच्या शेगडीजवळची खिडकी असेल तर कापड लावू नका, तिथला शॉट दुसऱ्या वेळी घ्या.

स्वयंपाकघरातच शूट केलं पाहिजे असं काही नाही. आमचं सगळं शूट हॉलमधल्या खिडकीशी, एका पाटावर झालं. ओट्यावर फक्त वाफेचा शॉट होता.

मोदक पांढरा आहे, ही खरी अडचण

इथे थोडं थांबतो, कारण नवख्या माणसाचे निम्मे शॉट इथेच फसतात. फोनचा कॅमेरा सगळ्या फ्रेमचा सरासरी उजेड बघतो. मागे काळसर पाट असेल तर तो फ्रेम उजळ करायला जातो आणि मोदकाचा नुसता पांढरा ठिपका होतो. मावशीने पाडलेल्या एकवीस कळ्यांपैकी एकही दिसत नाही. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर मोदकावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. मग शेजारची पट्टी खाली ओढत जा, प्रत्येक कळीच्या बाजूला बारीक राखाडी रेघ दिसू लागेपर्यंत. तिथे थांबा.

ती रेघ उमटायला उजेड बाजूने यायला हवा, किंवा बाजूने आणि थोडा मागून. खिडकीकडे पाठ करून समोरून शूट केलंत तर कळ्या सपाट होतात. फोनचा फ्लॅश तर लावूच नका. खिडकी डावीकडे असेल तर उजवीकडे पांढरा ड्रॉइंग पेपर पुठ्ठ्यावर चिकटवून उभा करा. सावलीची बाजू त्याने उजळते. फार उजळली तर पुठ्ठा वीतभर लांब न्या.

आता केळीचं पान. दिसायला सुंदर, पण हिरव्या पानावरून उसळलेला उजेड मोदकाच्या खालच्या भागाला हिरवट करतो. डोळ्याला ते जाणवत नाही, स्क्रीनवर मोदक शिळा वाटतो. आम्ही मोदक पितळी ताटलीत ठेवले आणि पान ताटलीखाली, कडेने डोकावेल एवढंच ठेवलं. पितळेचा पिवळा उजेड मोदकाला शोभतो. स्टीलची ताटली आरशासारखी असते. तिच्यात खिडकी, फोन, तुम्ही, सगळे दिसता. स्टीलच वापरायचं असेल तर गडद रंगाचे, बिनचमकीचे कपडे घालून शूट करा.

हात जवळून दिसणार आहेत. नखं, बांगड्या, अंगठी, बोटावरची पट्टी आदल्या दिवशी बघून घ्या, आणि शूट संपेपर्यंत बांगड्या बदलायच्या नाहीत. मावशीच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग आहेत. ते झाकावेत असं तिला वाटत होतं, मी झाकू दिले नाहीत. गरम उकड मळणाऱ्या बाईचे हात असेच असतात, आणि बघणाऱ्याला ते ओळखीचे वाटतात.

फोनची तयारी

आदल्या रात्री फोन रिकामा करा. ४के मध्ये मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी जागा लागते, म्हणून निदान ३० जीबी मोकळी ठेवा. सकाळी विमान मोड लावा. वाफेच्या शॉटमध्ये कुरियरवाल्याचा फोन आला तर पुढचा घाणा होईपर्यंत थांबावं लागतं.

लेन्स दर शॉटआधी मऊ सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात तिच्यावर तेलकट थर बसतोच, आणि त्यामुळे सगळं चित्र धुरकट येतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये प्रो मोड (सगळं हाताने लावायची सोय) असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे घरातले दिवे बंद करून फक्त खिडकीवर काम करा. ट्यूबचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड खिडकीच्या उजेडात मिसळला की मोदकाचा खरा पांढरा रंग नंतर कशानेही परत येत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा यासाठीची रंगाची जुळणी, ५५०० केल्विनच्या आसपास लॉक करा, ढगाळ दिवशी थोडा वर.

फोन पदार्थाच्या अगदी जवळ नेऊ नका. रुंद लेन्समुळे पुढचा मोदक नारळाएवढा आणि मागचा सुपारीएवढा दिसतो. दोन हात मागे जा आणि २एक्स लावा. ट्रायपॉड नसेल तर डब्यांच्या चळतीवर फोन टेकवा, पण हातात धरू नका.

दिवसाची उलटी मांडणी

आम्ही तुपाचा शॉट बारा वाजता ठरवला, कारण खिडकीशी अकरा ते साडेबारा उजेड सगळ्यात चांगला होता. तिथून मागे येत गेलो. पावणेबाराला झाकण उचलायचं. वाफ दहा-बारा मिनिटांची, म्हणजे साडेअकराच्या जरा आधी मोदक पात्रात. त्याआधी तासभर कळ्यांचा शॉट, कारण तो तीन-चारदा घ्यावा लागतो. त्याआधी उकड. साडेनऊला सारण, नऊला नारळ. डबा सकाळी आठला, उजेड तपासता तपासता.

घाणे तीन काढायचे, प्रत्येकी सात मोदकांचे, वीस-वीस मिनिटांच्या अंतराने. एकावर भिस्त ठेवू नका. पहिला घाणा शिकण्यासाठी, दुसरा खरा, तिसरा अडीअडचणीला. फोकस आणि फ्रेम लावायला मात्र आदल्या दिवशीचा एक मोदक ताटात ठेवायचा. सगळं जुळलं की तो उचलून त्याच जागी ताजा ठेवायचा. जागा चुकू नये म्हणून ताटलीखाली पेन्सिलने खूण करा.

माणसं तीन लागतात. एक करणारी, एक कॅमेऱ्यावर, एक पुठ्ठा धरायला आणि दाराची बेल बघायला. चौथं माणूस आलं की सूचना द्यायला लागतं.

वाफेचा शॉट असा: मागे काळा किंवा गडद कपडा, उजेड मागून-बाजूने, पंखा आणि चिमणी बंद. पांढऱ्या भिंतीपुढे वाफ दिसतच नाही, ती असली तरी. रेकॉर्डिंग झाकणाला हात लागायच्या दहा सेकंद आधी सुरू करा. झाकण कॅमेऱ्याच्या दिशेने नाही, पलीकडे तिरकं उचलायचं, नाहीतर लेन्सवर घाम येतो.

तुपाच्या शॉटला १२० फ्रेमचा स्लो मोशन वापरा. १२० फ्रेम २५ च्या गतीने चालवल्या की जवळजवळ पाचपट संथ होतात. म्हणजे जाहिरातीतल्या ४ सेकंदांसाठी खरी धार एक सेकंदाचीसुद्धा लागत नाही. पण एवढ्या फ्रेम घेताना प्रत्येकीला उजेड निम्म्याहून कमी मिळतो, म्हणून पाट खिडकीला अगदी भिडवा. तूप कडकडीत गरम असेल तर पाण्यासारखं निसटतं. कोमट होऊन रवा धरायच्या बेतात आलं की धार जाड पडते आणि मोदकाच्या उबेने कडेने पसरत जाते. मोदक फोडताना कॅमेऱ्याच्या उलट्या बाजूला सुरीने छोटी चीर द्या, मग बोटांनी उघडा, सारण आपल्याकडे येतं. सारण थोडं ओलसर ठेवलेलं असावं, कोरडं असेल तर भुगा सांडतो.

तुपाऐवजी तेल, वाफेऐवजी उदबत्तीचा धूर, असल्या युक्त्या इंटरनेटवर खूप आहेत. मी त्या वापरत नाही, कारण गिऱ्हाइकाला तोच मोदक घरी मिळायचा आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या होत्या. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली आणि १९७० मध्ये ते प्रकरण मिटलं. भाज्या खऱ्या होत्या, सूप खरं होतं, फक्त गोट्या जास्तीच्या होत्या.

आवाज वेगळा घ्या

खोवणीची खरखर, झाकणाचा ठण्ण आवाज, डब्याची टिचकी हे आवाज शॉट झाल्यावर फोन वीतभर अंतरावर ठेवून पुन्हा घ्या. तेव्हा फ्रिज बंद करायचा आणि घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. बाहेर पडताना किल्ल्या शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायचा राहिलाय हे आठवेल. कुणी न बोलता घरातली तीस सेकंदांची शांतताही रेकॉर्ड करा, दोन आवाजांमधल्या फटी भरायला लागते. बोललेले शब्द कपड्यांच्या उघड्या कपाटापुढे बसून घ्या, खोली घुमत नाही.

सिनेमातलं गाणं लावू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, आणि जाहिरातीला परवानगी लागतेच. जुन्या पारंपरिक आरतीचे शब्द सगळ्यांचे असले तरी तिचं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. घरात कुणी बरं गाणारं असेल तर दोन ओळी त्यांच्याकडून गुणगुणून घ्या. आमच्या जाहिरातीत आजीचा आवाज आहे, टाळांशिवाय.

पडद्यावरची अक्षरं

फोनसाठी उभी फ्रेम, १०८० बाय १९२०. खालच्या पाव भागावर ॲपची बटणं आणि मजकूर येतो, म्हणून नाव-नंबर मध्यावर किंवा त्याच्या वर. नंबर पूर्ण तीन सेकंद दिसला पाहिजे. शुद्धलेखन दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

घरून पदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक डब्याच्या लेबलवर छापलेला असला की सातव्या शॉटमध्ये तो आपोआप येतो. शब्द जपून निवडा. 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'ताजे', 'अस्सल', 'पारंपरिक' असे शब्द खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत कधी वापरता येतात याच्या अटी याच प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत दिल्या आहेत. गुळाचे मोदक 'शुगर फ्री' म्हणू नका, गूळ म्हणजे बहुतांश साखरच. 'मधुमेहींना चालतात' तर अजिबात नाही. मावशीच्या जाहिरातीत शेवटी एवढंच आहे: 'ऑर्डर दोन दिवस आधी. मोदक सकाळी दहानंतर, गरम.' यातला प्रत्येक शब्द तिला पाळता येतो.

जोडणी फोनवरच्या कुठल्याही साध्या ॲपमध्ये होते. आधी सातही शॉट यादीतल्या सेकंदांना कापून ओळीने लावा, मग आवाज घाला, रंगाला हात सगळ्यात शेवटी. तयार झालं की घरातल्या सगळ्यात जुन्या, स्वस्त फोनवर आवाज बंद करून बघा. कळ्या दिसल्या आणि नंबर वाचता आला तर पाठवून द्या.

आणि शूट संपलं की पानावर बसण्याआधी सगळे व्हिडिओ दुसऱ्या फोनवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. तिसऱ्या घाण्याचे मोदक तेवढा वेळ झाकून गरम राहतात.